तो फोटो पस मॉथचा नव्हे

१५ ऑक्टोबर जवळ आला की एक रंगीत फोटो मोबाइलवरून फिरायला लागतो. एका इंजिनाचं, डोक्यावर पंख असलेलं छोटंसं विमान आणि खाली ओळ: याच विमानातून जेआरडी टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं. माणूस बरोबर, तारीख बरोबर, मार्गही बरोबर. विमान तेवढं दुसरंच.

जेआरडींनी त्या दिवशी कराचीच्या ड्रिग रोडवरून उड्डाण केलं, अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. ते विमान होतं डी हॅविलँड कंपनीचं डीएच-८०ए, म्हणजे पस मॉथ. त्यावर अक्षरं होती व्हीटी-एडीएन. फोटोत दिसतं ते त्याच कंपनीचं डीएच-८५, लेपर्ड मॉथ. लेपर्ड मॉथचं पहिलं उड्डाण झालं २७ मे १९३३ रोजी. टपाल जुहूला पोचलं तेव्हा लेपर्ड मॉथ हवेत गेलेलंच नव्हतं. वाद खरं तर इथेच संपायला हवा. तरी तो संपत नाही, कारण फोटो खोटा नाही. पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी कराची ते मुंबई हाच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून. पुढे कुणीतरी त्या उड्डाणाच्या फोटोखाली १९३२ची ओळ लिहिली, आणि तीच नकलून पुढे जात राहिली. शंभर ठिकाणी दिसणारी ओळ म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. ती बहुधा एकाच चुकीची शंभर रूपं असतात.

‘दोन्ही मॉथच ना, एवढा काय फरक पडतो?’ हे उत्तर हमखास मिळतं. बुलेटच्या फोटोखाली जावा लिहिलं तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकसुद्धा ऐकून घेणार नाही. मग टाटांच्या टपाल विमानसेवेच्या पहिल्या विमानाबाबत एवढी बेफिकिरी का चालावी?

फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पस मॉथच्या पंखाच्या पुढची आणि मागची कड जवळजवळ समांतर जाते आणि टोक गोलसर असतं. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होतो, त्याची पुढची कड मागे झुकते. फोटो नेमका बाजूने काढलेला असेल आणि पंखाचा आकार कळत नसेल, तर चाकाकडे पाहावं. पस मॉथमध्ये चाकाचा धक्का झेलणारा लांब पाय थेट वर, पंखाच्या मुळाशी जातो. केबिनच्या कडेला ती उभी पट्टी ठळक दिसते. लेपर्ड मॉथमध्ये तोच पाय पुढे, इंजिनामागच्या भिंतीपाशी संपतो. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, लेपर्डचा प्लायवुडचा. पण ते फोटोत कळेलच असं नाही. पायाची जागा मात्र धूसर फोटोतही लपत नाही. शंका असेल त्याने ए. जे. जॅक्सन यांचा डी हॅविलँड विमानांवरचा ग्रंथ उघडून दोन्ही नमुन्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत.

पस मॉथची आणखी एक खूण आहे, आणि तिच्यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. सुरुवातीच्या काळात काही पस मॉथचे पंख उडतानाच तुटले. मे १९३१मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगरात वैमानिक ग्लेन किडस्टन अशाच अपघातात गेला. चौकशीनंतर पंखाला खालून टेकू देणाऱ्या पुढच्या तिरक्या दांडीला मध्यावर एक छोटी जादा दांडी जोडून आधार दिला गेला. फोटोत ती बारीक दांडी दिसली, तर विमान दुरुस्तीनंतरचं. नुसतं ‘पस मॉथ’ म्हणून थांबणाऱ्याला हे कधी दिसणार नाही.

याच उड्डाणाबद्दल दुसरी चूकही छापून येते: ते विमान जिप्सी मॉथ होतं म्हणे, आणि मग सोबत उघड्या बैठकीच्या दुपंखी विमानाचा फोटो. गोंधळाचं मूळ समजण्यासारखं आहे. पस मॉथला जिप्सी-३ नावाचं इंजिन होतं. शिवाय १९३० साली आगा खान यांनी लावलेल्या बक्षिसासाठी जेआरडी आणि अस्पी इंजिनिअर जिप्सी मॉथमधूनच उडाले होते. पण पस मॉथ हे बंद केबिनचं एकपंखी विमान. पंख मोजता येतात, तिथे चुकायला जागाच नाही.

आता त्या ‘व्हीटी’ अक्षरांविषयी. ‘व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयचा प्रदेश, गुलामीची खूण’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते आता पाठ्यपुस्तकात जायचं तेवढं बाकी आहे. वस्तुस्थिती अशी: १९२७च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत देशांना अक्षरांचे गट वाटले गेले. ‘व्ही’ने सुरू होणारे बरेच गट ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांकडे गेले. त्यात हिंदुस्थानला व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा पट्टा मिळाला. भारतातल्या हौशी रेडिओचालकांची हाकेची अक्षरं आजही ‘व्हीयू’ने सुरू होतात. व्हीटी जर व्हाइसरॉयचं, तर व्हीयू कुणाचं? ऑस्ट्रेलियाच्या विमानांवर व्हीएच असतं, आणि तिथे व्हाइसरॉय कधी नव्हताच. अक्षरं साम्राज्याच्या काळात मिळाली हे खरंच; त्यांना चिकटवलेला अर्थ मात्र नंतरचा. फोटो ओळखणाऱ्याला या अक्षरांचा उपयोग वेगळाच आहे. १९२९च्या आधी हिंदुस्थानातल्या नागरी विमानांवर ‘जी-आय’ने सुरू होणारी अक्षरं असत. त्यामुळे फोटोत व्हीटी दिसलं, की त्याखालची १९२५ची तारीख खोडून टाकायला हरकत नाही.

तरी नुसत्या अक्षरांवर विसंबणंही धोक्याचं. जुनी विमानं पुन्हा उभी करताना त्यांना एखाद्या गाजलेल्या विमानाची अक्षरं रंगवतात. त्यामुळे आधी आकार पाहावा, अक्षरं मागाहून.

दुपंखी म्हणजे पहिल्या महायुद्धातलं, हाही एक लाडका समज. टायगर मॉथ १९३१चं आणि अँटोनोव्ह एएन-२ तर १९४७चं, दोन्ही दुपंखी.

भारतीय हवाई दलाच्या पहिल्या विमानाच्या जागी हॉकर हार्टचा फोटो लावला जातो. पहिल्या तुकडीने १ एप्रिल १९३३ रोजी सुरुवात केली ती वेस्टलँड वापिटीवर. वापिटीच्या नाकावर गोल मांडणीचं, उघडी सिलिंडरं दिसणारं इंजिन असतं, हार्टचं नाक टोकदार असतं. एका नजरेत निकाल लागतो.

कृष्णधवल फोटोवरून रंग सांगणारे तर फारच आत्मविश्वासाने बोलतात. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. तिच्यावर लाल आणि पिवळा रंग काळपट उमटतो, तर निळा फिका. त्यामुळे ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हाचं पिवळं कडं कित्येक फोटोंत काळं दिसतं. संगणकाने असा फोटो रंगवला, की तो अंदाजच पुरावा म्हणून पुढे सरकतो.

शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाचा म्हणून एखादा फोटो दाखवला जातो, तेव्हा एवढंच सांगावं लागतं की तसा खात्रीचा एकही फोटो आजवर पुढे आलेला नाही. सोबत फिरणारी शकुन विमानाची रेखाटनं ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथासाठी १९२३ साली बंगळुरात काढलेली आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तो ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकातला असून त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

‘इतकं विचित्र दिसतंय म्हणजे बनावटच’ हे मात्र नेहमी खरं नसतं. नऊ पंख आणि आठ इंजिनांचं कॅप्रोनी सीए-६० इटलीतल्या माज्जोरे सरोवरावर १९२१ साली खरोखर उभं होतं आणि दुसऱ्याच उड्डाणात, ४ मार्चला, कोसळलं. उलट रशियाच्या कालिनिन के-७ या नावाने फिरणारं, युद्धनौकेसारख्या तोफा लादलेलं राक्षसी विमान हे संगणकावरचं चित्र आहे. खरं के-७ ११ ऑगस्ट १९३३ रोजी उडालं आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पडलं. त्याला सात इंजिनं होती, सहा पंखाच्या पुढच्या कडेला आणि एक मागे. त्याचे त्या वेळी काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात, आणि त्या जहाजी तोफा त्यांत कुठेही नाहीत.