विगमन, निगमन आणि ताळा

अध्यापनशास्त्रात ज्यांना उद्गामी व अवगामी पद्धती म्हणतात, त्यांनाच तर्कशास्त्रात विगमन व निगमन अशी नावे आहेत. उर्दूत इस्तिकरा व इस्तिखराज. विशिष्ट उदाहरणांवरून सर्वसामान्य नियमाकडे जाणे म्हणजे विगमन, तर मान्य विधानांवरून अटळ निष्कर्ष काढणे म्हणजे निगमन. व्याख्या आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहेत. अडचण येते ती उत्तरपत्रिका तपासताना.

'दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा' असे विचारले की विद्यार्थी ३ + ५ = ८, ७ + ९ = १६ असे लिहितो आणि खाली 'सिद्ध झाले' म्हणून मोकळा होतो. हा ताळा झाला, सिद्धता नव्हे. एक संख्या २क + १ व दुसरी २ख + १ मानली, तर बेरीज २(क + ख + १) येते. येथे कोणतीही ठरावीक संख्या घेतलेली नाही, म्हणून एकही विषम संख्या सुटत नाही.

उदाहरणे वाढवली की भागेल, असे वाटणाऱ्यास ऑयलरची न² − न + ४१ ही बहुपदी (१७७२) दाखवावी. न च्या जागी १, २, ३ घालता ४१, ४३, ४७ या मूळ संख्या मिळतात आणि हा क्रम थेट ४० पर्यंत टिकतो. ४१ घालताच येते १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस साक्षी जुळल्या, एकेचाळिसावी उलटली!

अर्थात विगमन कमी दर्जाचे नव्हे. नियम सुचतो तो त्यातूनच.

खरा घोटाळा 'गणिती विगमन' या नावाने होतो. पहिल्या संख्येसाठी विधान खरे, आणि एखाद्या संख्येसाठी खरे असल्यास पुढच्या संख्येसाठीही खरे, एवढे दाखवून ते सर्वांसाठी मान्य करणे, ही पद्धत नाव काहीही असले तरी निगमनच आहे. तिचे बीज इ.स. १००० च्या सुमारास बगदादमध्ये अल-करजी यांच्या लेखनात दिसते. १ ते १० च्या घनांची बेरीज (१ + २ + … + १०)² इतकी असते, हे दाखवण्यासाठी त्यांनी ५५ बाजूचा चौरस घेतला. त्याच्या दोन लगतच्या बाजूंना लागून असलेली १० रुंदीची पट्टी काढली, तर तिचे क्षेत्रफळ २ × १० × ४५ + १०० = १०००, म्हणजे १० चा घन भरते; उरतो ४५ बाजूचा चौरस. त्यातून ९ रुंदीची पट्टी काढली की ७२९. असे १ पर्यंत उतरता येते. उदाहरण एकाच संख्येचे, पण युक्तिवाद १० वर अवलंबून नाही. ११ घेतले तरी ६६ बाजूच्या चौरसातून १३३१ ची पट्टी निघते. ही आकृती फळ्यावर काढावी आणि यातला ताळा कोणता व सिद्धता कोणती, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.