रबराखालचा गोंद

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण वर्ध्यासारख्या गावात ही गाडी घरची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली १९६९ची एक फियाट डिलाइट माझ्या मित्राच्या वडिलांनी घेतली होती. ती पुन्हा चालती करायला आम्ही दोघांनी घेतली. इंजिन जमले, पत्राकाम झाले. अडलो ते दारांच्या रबरापाशी. ते चिकटवायचे कशाने?

प्रश्न किरकोळ वाटेल. पहिल्या वेळी मलाही वाटला होता. पंक्चरवाल्याकडचे सोल्यूशन आणून मी पट्ट्या बसवल्या. हे सोल्यूशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले नैसर्गिक रबर. ट्यूबच्या ठिगळाला उत्तम, तापलेल्या पत्र्याला नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. पट्ट्या सुटल्या. पावसाळ्यात पाणी आत झिरपले आणि नव्याने केलेल्या तळपत्र्याला गंज धरला. चूक माझीच होती.

दुसऱ्या वेळी आधी गाडीलाच विचारले. चालकाच्या दाराच्या खालच्या कडेला जुन्या पट्टीचा तुकडा शिल्लक होता. तो पात्याने हळूहळू उचलला, तेव्हा उत्खननातल्यासारखे थर दिसले. वर काळा, कडक गोंद. त्याखाली मधल्या काळात मारलेला रंग. त्याखाली मधासारख्या पिवळट गोंदाची पुसट रेघ, आणि ती थेट मूळ रंगावर. म्हणजे काळा गोंद पुन्हा रंगकाम झाल्यानंतरचा, पिवळट त्याच्या आधीचा. तो कारखान्यातलाच होता असे यावरून ठरत नाही. पण उपलब्ध पुराव्यात सर्वांत जुना तोच.

तसा दिसणारा गोंद आजही मिळतो. चपला-बूट दुरुस्त करणारे वापरतात तो पिवळा गोंद बहुधा निओप्रीनचा असतो. हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीने १९३१मध्ये जाहीर केले. उष्णता, तेल आणि हवेतला ओझोन यांना ते नैसर्गिक रबरापेक्षा चांगले तोंड देते. सिलिकॉन मात्र टाळावे. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुटणारे अ‍ॅसेटिक आम्ल उघड्या पत्र्याला गंजवते, आणि त्याचा अंश राहिला तर पुढचा रंग तिथे धरत नाही.

गोंदाआधी पट्टी पाहावी. पत्र्याच्या कडेवर चिमट्यासारखी बसणाऱ्या बीडिंगला गोंद लागतच नाही. सपाट पट्टीला लागतो. हल्लीची पुष्कळ रबरे ईपीडीएमची असतात. ऊन-पावसात ती टिकतात, पण साधा गोंद त्यांना नीट धरत नाही. म्हणून आधी लहान तुकड्यावर चाचणी घ्यावी. नव्या रंगाचीही घ्यावी, कारण गोंदातला द्रावक कच्चा रंग उचलतो.

पद्धत सोपी, घाई मात्र नको. दोन्ही बाजू पुसून कोरड्या कराव्यात, दोन्हींवर पातळ थर द्यावा आणि बोटाला चिकट लागेल पण तार ओढली जाणार नाही तोवर थांबावे. मग पट्टी न ताणता दाबत न्यावी. ताणलेले रबर पुढे आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. काम उघड्या हवेत, विडी-काडीपासून दूर करावे. द्रावकाची वाफ पेट घेते.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, अशी अट आहे. तिथे कोणी रबराखालचा गोंद तपासणार नाही. पण आमच्या गाडीवरची ती जुनी रेघ पट्टीच्या बाहेर कुठेच ओघळलेली नव्हती. अस्सलपणा गोंदाच्या रंगात शोधत होतो. तो ज्या हाताने रेघ ओढली त्याच्या नेटकेपणात सापडला.

यंदाचा पावसाळा सरला. तळपत्रा कोरडा आहे.