अध्यक्ष एकाचा, कारभारी कोणाचे?

जबलपूरच्या मदन महाल स्थानकावर उतरणारा मराठी प्रवासी टेकडीवरची गोंडकालीन वास्तू पाहतो, तोल सावरून बसलेली ती प्रसिद्ध शिळा पाहतो आणि भेडाघाटाकडे मार्गस्थ होतो; वाटेवरच्या तेवर गावाचे नाव त्याच्या कानी पडलेच, तरी कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच, आणि हिच्याच नावाने १९३९ च्या मार्चमध्ये नर्मदातीरी काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले होते, याचे स्मरण त्याला सहसा कोणी करून देत नाही. निवडून आलेल्या अध्यक्षाने कारभार कोणाच्या माणसांकरवी चालवावा, हा आज अमेरिकेत गाजणारा प्रश्न त्या मंडपात मोठ्या उघडपणे ऐरणीवर आला होता.

सुभाषचंद्र बोस त्या वर्षीच्या २९ जानेवारीस पट्टाभी सीतारामय्यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव करून दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले, आणि महिना उलटण्यापूर्वीच कार्यकारिणीतील बारा सभासदांनी, ज्यांत सरदार पटेल व राजेंद्रप्रसाद यांच्यासमवेत आपले शंकरराव देवही होते, राजीनामे दिले. त्रिपुरीस अध्यक्ष तापाने ग्रासलेले, गांधीजी दूर राजकोटला. अशा वेळी गोविंद वल्लभ पंतांनी जो ठराव मांडला, त्यात कार्यक्रमाविषयी नवे असे काही नव्हते. इंग्रज सरकारला सहा महिन्यांची मुदत द्यावी हे बोस यांचे म्हणणे खोडून काढण्याच्या भरीसही तो पडला नाही. जुन्या धोरणावर निष्ठा, मावळत्या कार्यकारिणीवर विश्वास, आणि नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी अशी अध्यक्षांस विनंती, एवढाच त्याचा मजकूर. विनंती हा शब्द सौजन्याचा. कार्यकारिणी नेमण्याचा जो अधिकार काँग्रेसच्या घटनेने अध्यक्षाला दिला होता, तो त्या एका वाक्याने नावापुरता उरला. ठराव मंजूर झाला. पुढे पत्रापत्री पुष्कळ झाली, पण गांधीजी आपल्याकडून नावे लादीनात आणि बोस त्यांच्या संमतीवाचून नेमीनात, तेव्हा २९ एप्रिलला कलकत्त्यास अध्यक्षांनी राजीनामा दिला. पंतांच्या पक्षाची बाजूही अगदीच लंगडी नव्हती, कारण ज्यांनी संघटना वर्षानुवर्षे वाहिली त्यांना एका निवडणुकीने बाजूला सारावे काय, हा त्यांचा सवाल रास्तच होता.

कार्यक्रमापेक्षा माणसे नेमण्याच्या अधिकारातच सत्ता असते, हे त्रिपुरीचे मर्म वॉशिंग्टनमधील हेरिटेज फाउंडेशनने अधिक थंड डोक्याने, आणि मुख्य म्हणजे निवडणुकीच्या आधी, ओळखले. १९७३ साली स्थापन झालेली ही परंपरावादी संस्था, हल्लीच्या भाषेत थिंक टँक, स्वतः निवडणूक लढवीत नाही. ती राज्यकर्त्यांसाठी धोरणांचे मसुदे तयार करते. रोनाल्ड रेगन अधिकारारूढ झाले त्या १९८१ साली तिने ‘मँडेट फॉर लीडरशिप’ हा हजारावर पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खातेवार सुमारे दोन हजार शिफारशी त्यात होत्या आणि त्याच्या प्रती मंत्रिमंडळात वाटल्या गेल्या. शिफारशींपैकी साठ टक्के अंमलात आल्या असे संस्था सांगते. अर्थात आपल्या यशाचा हिशेब मांडताना कोणतीही संस्था हात आखडता घेत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच मालिकेतील नवा ग्रंथ निघाला. शंभराहून अधिक संस्थांच्या सहकार्याने उभारलेल्या ‘प्रोजेक्ट २०२५’ या उपक्रमाचा तो पहिला खांब. शिक्षणखाते बरखास्त करावे, अध्यक्षाची हुकमत सर्व कार्यकारी खात्यांवर निर्विवाद असावी, अशा सूचनांनी भरलेली नऊशे पृष्ठे. परंतु उरलेले तीन खांब मला अधिक बोलके वाटतात: नेमणुकीस योग्य माणसांची नोंदवही, त्यांना कारभार शिकविणारे वर्ग, आणि पहिल्या १८० दिवसांचा आराखडा. ग्रंथ कपाटात पडून राहू शकतो. निवडून, पढवून, खात्याखात्यांत बसविलेली माणसे स्वस्थ राहत नाहीत. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२४ च्या प्रचारात या उपक्रमाशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. विजयानंतर मात्र त्या ग्रंथातील एका प्रकरणाचे लेखक रसेल व्हॉट यांच्याच हाती अर्थसंकल्पाचे दप्तर सोपविले.

परंपरावाद्यांचा युक्तिवाद असा की, लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाचे हुकूम कोणीही न निवडलेले मुलकी अंमलदार दप्तरी दाबून ठेवतात, म्हणून धोरणाशी संबंध येणाऱ्या हजारो जागांवरील नोकरांना दूर करणे अध्यक्षाला सुलभ असावे. तसा हुकूमनामा ट्रम्प यांनी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये काढला, बायडन यांनी तो रद्द केला, आणि २० जानेवारी २०२५ रोजी, अधिकारग्रहणाच्याच दिवशी, तो पुन्हा जारी झाला. या युक्तिवादात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्याला बडतर्फीची धास्ती आहे असा कारकून हुकूम झटपट बजावील, त्यातली चूक मात्र दाखविणार नाही. गंमत अशी की, १९३९ साली अध्यक्षाचे हात बांधणाऱ्यांत अग्रणी असलेले पटेलच १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये संविधान सभेत सनदी नोकरांच्या बाजूने उभे राहिले, आणि मंत्र्याला न रुचणारे मतही निर्भयपणे मांडण्याची मुभा सचिवाला हवी, असे त्यांनी ठासून सांगितले. आपल्या संविधानाचे कलम ३११ सनदी नोकराला चौकशीवाचून बडतर्फ होण्यापासून, काही अपवाद वगळता, संरक्षण देते. अमेरिकेत नोकरीच्या हताश उमेदवाराने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्यानंतर, १८८३ साली, गुणवत्तेवर नेमणुका करण्याचा कायदा झाला. पण तेथील संरक्षण संविधानात नसून कायद्यात आहे, आणि त्याच कायद्यातील अपवादांच्या फटीतून अध्यक्षाचा हुकूमनामा आत शिरतो.