किस्साख्वानीचा किस्सा मुलांना सांगा

पठाण म्हटला की मुलांना सिनेमातली बंदूक आठवते. गोवंडीत गोष्ट सांगताना आम्ही शिक्षक मात्र पेशावरच्या किस्साख्वानी बाजारापासून सुरुवात करतो. किस्सा सांगणाऱ्यांचा बाजार, असा त्या नावाचा अर्थ. काफिलेवाले तिथे लोककथा ऐकत. याच बाजारात २३ एप्रिल १९३० रोजी ब्रिटिशांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. चंद्रसिंह गढवालींच्या तुकडीने मात्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. १९३४ मध्ये सरहद्द प्रांतात जायला बंदी झालेले खान अब्दुल गफ्फार खान वर्ध्यात गांधीजींच्या सहवासात राहिले. महादेवभाई देसाईंनी १९३५ मध्ये खान बंधूंवर पुस्तक लिहिले. अशी पुस्तके घरात आली, तर सरहद्द म्हणजे दुश्मनीच, असे मुलांच्या मनात बसणार नाही. आज रात्री यातला एक किस्सा जरूर सांगा.