फवारणीनंतरची लघवी काय सांगते?



कीटकनाशकाच्या बाटलीवर '२० ई.सी.' असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. म्हणजे शंभर भागांत विष वीस भाग. मग उरलेले कशाचे? पाण्याचे नव्हे, बरं का! ते विष विरघळवणारे द्रावक असते, पुष्कळदा झायलीन किंवा त्याच जातीचे खनिज तेलातून काढलेले. बूच उघडताच रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येतो, तो बहुधा याचाच. आपण विषाला भितो, पण द्रावकाला कोणी विचारत नाही.

हे द्रावक श्वासावाटे आत जाते, तसेच भिजलेल्या कातडीतूनही. डोके जड होते, गरगरते. यकृत त्याचे रूप पालटून मिथाइल हिप्युरिक आम्ल बनवते आणि ते लघवीतून बाहेर पडते. झायलीन अंगात गेल्याची ही खूण.

हिप्युरिक आम्ल १८२९ साली लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाला घोड्याच्या मुतात सापडले, म्हणून ग्रीक भाषेतल्या घोड्यावरून हे नाव. चारा खाणाऱ्या गाईच्या गोमूत्रातही ते भरपूर असते. माणसात ते टोल्यूइन नावाच्या द्रावकापासून होते, आणि बाजारच्या लोणच्या-सॉसमध्ये टिकाऊपणासाठी घातलेल्या बेंझोएटपासूनही! म्हणजे ते सापडले म्हणून लगेच द्रावकावर बोट ठेवता येत नाही. मिथाइल हिप्युरिकचे तसे नाही, ते रोजच्या जेवणातून येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही दोन भावंडे ओळखायची कशी? वजनाने. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र असते. लघवीतले पदार्थ आधी एका बारीक नळीतून वेगवेगळे करतात. मग त्यांच्या कणांना विजेचा भार देऊन निर्वात जागेत सोडतात, तिथे वजनाप्रमाणे त्यांची निवड होते. हिप्युरिकचा कण १७९ वजनाचा, मिथाइल हिप्युरिकचा १९३. तेवढ्यावर न थांबता यंत्र कण फोडून त्याचे तुकडेही तपासते. चाळणीने धान्य निवडावे तसेच, फक्त चाळण फार बारीक. अशी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत असतात, तालुक्याला मिळायची नाहीत.

नमुना कधी घेतला यावर सारे आहे. खूण बहुतेक एक-दोन दिवसांत निघून जाते, म्हणून काम संपताच नमुना घेतात. पाणी जास्त प्यालेल्याची लघवी पातळ असते, म्हणून क्रिएटिनीनशी प्रमाण लावून हिशेब करतात.

पण विषबाधा झाली तर या अहवालाची वाट पाहत बसू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्यावर माणसे दगावली. घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेली बुबुळे किंवा धाप दिसली की भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. औषध पोटात गेले असेल तर उलटी काढू नका, द्रावक फुप्फुसात उतरते. सोबत बाटलीचे लेबल न्या. डॉक्टर लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात, आणि फॉस्फरसयुक्त औषधांच्या बाधेत रक्तातले कोलिनेस्टरेज तपासतात. लघवीचा नमुना मागितला तर स्वच्छ बाटलीत द्या, फवारणी किती वाजता संपली ते तीवर लिहा आणि पाठवेपर्यंत बर्फात ठेवा.