लसणातील गंधकयुक्त संयुगे व त्यांची वैद्यकीय उपयुक्तता : सिकलसेल आजाराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

लसूण हा भारतीय आहारातील नित्य परिचयाचा पदार्थ होय. आयुर्वेदाने त्यास 'रसोन' असे नाव दिले आहे. सहा रसांपैकी केवळ आम्ल रस त्यात उणा आहे, म्हणून तो रसोन, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. मारेगाव व लगतच्या झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांत कोलाम, गोंड या आदिवासी समाजांची वस्ती असून सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भाच्या आरोग्यापुढील एक गंभीर प्रश्न आहे. रसायनशास्त्राच्या तासाला लसणाचा विषय निघाला की, "सर, लसूण खाल्ल्याने सिकलसेल बरा होतो काय?" असा प्रश्न एखादा विद्यार्थी हमखास विचारतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही. त्यासाठी लसणातील गंधकयुक्त संयुगांचे रसायनशास्त्र समजून घेणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

गंधकयुक्त संयुगांची निर्मिती :

अखंड पाकळीला उग्र वास नसतो. तिच्यात 'अ‍ॅलीन' हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते व 'अ‍ॅलिनेज' हे विकर त्यापासून विलग, पेशीतील रिक्तिकेत साठविलेले असते. पाकळी ठेचताच पेशीभित्तिका फुटतात व दोहोंचा संयोग होतो. विकराच्या क्रियेने अ‍ॅलीनपासून अ‍ॅलिल सल्फेनिक आम्ल, पायरुव्हिक आम्ल व अमोनिया तयार होतात. सल्फेनिक आम्लाचे दोन रेणू एकत्र येऊन 'अ‍ॅलिसिन' तयार होते. लसणाचा परिचित उग्र दर्प तो हाच. १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो व बेली यांनी अमेरिकेत अ‍ॅलिसिन वेगळे करून त्याचा जिवाणूरोधक गुणधर्म दाखवून दिला. १९४८ मध्ये स्टोल व सीबेक यांनी स्वित्झर्लंडमध्ये त्याचे मूळ असलेले अ‍ॅलीन शोधून काढले.

अ‍ॅलिसिन अस्थिर आहे. त्याचे विघटन होऊन डायअ‍ॅलिल डायसल्फाइड, डायअ‍ॅलिल ट्रायसल्फाइड आदी संयुगे तयार होतात. तेलात मुरविल्यास 'अ‍ॅजोईन' मिळते. लसूण पाण्यात मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये दीर्घकाळ मुरविल्यास अ‍ॅलिसिन जवळजवळ नाहीसे होते आणि 'एस-अ‍ॅलिल सिस्टीन' हे स्थिर, जलविद्राव्य संयुग प्रामुख्याने उरते. थोडक्यात, लसूण एकच असला तरी प्रक्रियेनुसार त्यातील रसायने भिन्न असतात. पुढील सर्व विवेचनाचा हा गाभा होय.

उष्णतेने विकर निष्क्रिय होते. अखंड पाकळी थेट फोडणीत टाकल्यास अ‍ॅलिसिन फारसे तयारच होत नाही. ठेचलेला लसूण सुमारे १० मिनिटे तसाच ठेवून मग शिजविल्यास काही गुणधर्म टिकून राहतात, असे २००१ मधील एका संशोधनात आढळले. खलबत्त्यात कच्चा लसूण कुटून केलेला आपला ठेचा या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हणावा लागेल.

वैद्यकीय उपयुक्ततेचे पुरावे :

अ‍ॅलिसिन जिवाणूंच्या विकरांतील गंधक-हायड्रोजन गटांशी संयोग पावून ती विकरे निकामी करते. मात्र कच्चा लसूण खाल्ल्यानंतर रक्तात अ‍ॅलिसिन आढळत नाही. त्यामुळे परीक्षानळीतील जिवाणूरोधक परिणाम शरीरात तसाच घडेल असे गृहीत धरता येत नाही.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील चाचण्यांचे २००८ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यात वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ८ मिलिमीटरने घटल्याचे दिसले. यामागील एक संभाव्य यंत्रणा २००७ मध्ये पुढे आली : तांबड्या रक्तपेशी लसणातील पॉलिसल्फाइडांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात व त्यामुळे रक्तवाहिन्या शिथिल होतात. कोलेस्टेरॉलबाबत मात्र चित्र वेगळे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ व्यक्तींवर सहा महिने झालेल्या चाचणीत (२००७) कच्चा लसूण वा गोळ्या यांपैकी कशानेही घातक कोलेस्टेरॉल कमी झाले नाही.

सिकलसेल व लसूण :

सिकलसेलमधील विळ्याच्या आकाराच्या पेशींत ऑक्सिडीकारक ताण अधिक असतो. त्यामुळे बिघडलेले हिमोग्लोबिन 'हाइन्झ पिंडां'च्या रूपाने पेशीपटलाला चिकटते. २००२ मधील एका अभ्यासात पाच रुग्णांना चार आठवडे दीर्घकाळ मुरविलेल्या लसणाचा अर्क देण्यात आला. हाइन्झ पिंड असलेल्या पेशींचे सरासरी प्रमाण ५८.९ टक्क्यांवरून २९.८ टक्क्यांवर आले. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु रुग्ण केवळ पाच, तुलनेसाठी नियंत्रित गट नाही आणि वेदनेचे झटके कमी झाले काय, हे या आकड्यांवरून कळत नाही.

याउलट, २००० मध्ये जपानमधील एका प्रयोगात लसणाचा अर्क मोठ्या मात्रेत दिलेल्या कुत्र्यांच्या रक्तात हाइन्झ पिंड वाढले व रक्तपेशींना इजा झाली. कुत्र्यांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि एका स्वरूपात रक्षण करणारा लसूण अन्य स्वरूपात व मात्रेत अपायकारक ठरू शकतो, हे यावरून स्पष्ट होते. म्हणूनच अर्कावरील निष्कर्षाच्या आधारे रुग्णाला कच्च्या लसणाचा मारा करण्यास सांगणे अशास्त्रीय आहे.

दक्षता :

आहारातील लसूण सामान्यतः निर्धोक आहे. औषध म्हणून मोठ्या प्रमाणात घेतल्यास मात्र तो रक्त गोठण्याच्या क्रियेत बाधा आणतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी त्याची कल्पना डॉक्टरांना द्यावी. एचआयव्हीवरील सॅक्विनाव्हिर या औषधाचे रक्तातील प्रमाण लसणाच्या गोळ्यांमुळे निम्म्याने घटल्याचे २००२ मध्ये आढळले आहे. ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवल्यास भाजल्यासारखी जखम होते.

समारोप :

लसणातील गंधकयुक्त संयुगे हे संशोधनाचे समृद्ध क्षेत्र आहे; परंतु ती सिकलसेलवरील उपचार नव्हेत. डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सियुरिया बंद करून लसणावर विसंबणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून विवाहपूर्व रक्ततपासणी हाच प्रतिबंधाचा खरा मार्ग होय. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भरही तपासणी व समुपदेशनावर आहे. हा संदेश गावागावांत पोहोचविण्याचे सामर्थ्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत आहे. विज्ञानाच्या प्राध्यापकाने लसणाची अभिक्रिया फळ्यावर लिहिताना विद्यार्थ्याच्या त्या प्रश्नाचे उत्तरही द्यावे. कारण तो प्रश्न बहुधा कुतूहलातून नव्हे, तर त्याच्या घरातून आलेला असतो.