प्रिंटर 'ऑफलाइन' जातो म्हणजे जातो कुठे?

'ऑफलाइन' हा शब्द प्रिंटरच्या बाबतीत साफ फसवा आहे. आपल्याला वाटतं नेट गेलं. पण घरच्या वायफाय प्रिंटरला लॅपटॉपवरून छापायला इंटरनेट लागतच नाही! पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला, तरी तिथल्या घरात वीज आणि राउटर चालू असेल तर प्रिंट निघालीच पाहिजे. ऑफलाइनचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरने हाक मारली आणि प्रिंटरने ओ दिली नाही.

का दिली नाही? आपल्या होस्टेलचंच उदाहरण घ्या. राउटर म्हणजे रेक्टर. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो खोली देतो, तीही ठरावीक मुदतीपुरती. 192.168.1.5 हा झाला खोली नंबर, म्हणजे आयपी पत्ता. ह्या वाटपाला 'डीएचसीपी' म्हणतात. आता गंमत बघा. वीज गेली की बऱ्याच घरगुती राउटरचं रजिस्टर पुसलं जातं. लाइट आल्यावर पुन्हा वाटप सुरू. काल पाच नंबरात असलेला प्रिंटर आज आठमध्ये, आणि पाचमध्ये कुणाचा तरी मोबाईल! डबेवाला मात्र डबा घेऊन पाचचंच दार ठोठावतो.

चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं, पण जंगलातल्या तारेवर सागाची फांदी पडली की आपल्याकडे अंधार. म्हणून हा आजार इकडे जास्त.

वडशाला माझ्या मामांच्या घरी असा एक प्रिंटर आहे. धानखरेदीच्या नोंदणीच्या दिवसांत शेजारपाजारचे शेतकरी सातबारा छापायला त्यांच्याकडेच येतात. मुदत जवळ आलेली, अंगणात चार माणसं बसलेली, आणि मामा मला फोनवर, "काहून बे भाचा, दिवा तं हिरवा आहे, अन् हे आफलाइनच म्हनून राहिलं!" मामांचा ठरलेला उपाय म्हणजे प्रिंटर पुन्हा 'ॲड' करणे. तो लागूही पडायचा, कारण त्या वेळी नवा पत्ता नोंदला जातो. पण पुढच्यांदा वीज जाईपर्यंतच. त्यांच्या लॅपटॉपवर त्याच प्रिंटरच्या चार 'कॉपी' जमल्या होत्या! शिवाय प्रत्येक वेळी दाबलेलं बटण रांगेत साठतं. प्रिंटर जागा झाला की एकच सातबारा सहा वेळा बाहेर. शाई फुकट.

पक्का इलाज असा. आधी प्रिंटरवरूनच 'नेटवर्क कॉन्फिगरेशन' पान छापा. त्यावर आयपी आणि मॅक पत्ता असतो. मॅक म्हणजे आपला पीआरएन नंबर, खोली बदलली तरी तो बदलत नाही. आयपी 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तेव्हा आधी प्रिंटर वायफायला नीट जोडा. (बरेच घरगुती प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, हे लक्षात असू द्या.) आयपी ठीक असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि त्या मॅकला एक पत्ता कायमचा लिहून द्या. रेक्टरने रजिस्टरवर शाईने लिहिल्यासारखं! मग प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. शेवटी विंडोजमध्ये 'प्रिंटर प्रॉपर्टीज', 'पोर्ट्स' इथे जाऊन त्याच पत्त्याचा 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट जोडा. आधी तिथे 'डब्ल्यूएसडी' असं काही निवडलेलं असेल तर ते सोडून हा नवा निवडा. जुन्या 'कॉपी' काढून टाका.

एवढं करूनही ऑफलाइन? मग त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ची खूण काढून बघा. होतं काय, की विंडोज आधी वॉचमनसारखी "आहेस का?" अशी हाक मारते. पोरगा कानात हेडफोन घालून बसलेला. उत्तर नाही, म्हणून गैरहजेरी लागते. डबा दिला असता तर त्याने मुकाट्याने घेतला असता! हाक आणि डबा ह्यांचे दरवाजे वेगळे आहेत. हाक जाते यूडीपी 161 वर, छपाईचा माल बहुधा टीसीपी 9100 वर. माझ्या मते ही खूण पहिल्याच दिवशी काढू नये, कारण तिच्यामुळे प्रिंटरची खरी अवस्थाही कळते.

मामांकडे रिझर्व्हेशनवरच भागलं. राउटर बदलला किंवा रिसेट केला, तर मात्र ते पुन्हा लिहावं लागेल, म्हणून मॅक पत्ता स्केचपेनने प्रिंटरच्या पाठीवर लिहून ठेवला आहे.